वनहक्काचा कार्यकर्ता कसे व्हावे

जळगाव-धुळ्याकडे मानवी हक्कांचे काम करायचे मनात आले असेल, तर पहिल्या दिवशी नवा कोरा खादीचा झब्बा घालू नये. चोपडा-यावलच्या डोंगरातल्या पाड्यावर झब्बा दिसला की म्हातारी माणसे खाट टाकतात, पाणी देतात आणि निवडणूक कधी आहे, ते विचारतात.

भाषण पाठ करून आला असाल, तर ते परतीच्या एसटीत म्हणावे. इथे तुमच्या हाती पडतो तो दाव्याचा फॉर्म. आदिवासी कुटुंब 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जंगलातली जमीन कसत असेल, तर 2006 च्या वनहक्क कायद्याने ती चार हेक्टरपर्यंत त्याच्या हक्काची. आता ही तारीख सिद्ध कशी करायची? सातबारा असता तर तुमची गरजच नव्हती. म्हणून एकावर न थांबता किमान दोन पुरावे जमवावेत.

त्यांत राजा पुरावा म्हणजे अतिक्रमण केले म्हणून वनखात्याने फाडलेली दंडाची जुनी पावती. ज्याला वेळोवेळी पकडले, तो भाग्यवान. त्याच्या गुन्ह्यावर तारीख आहे, सहीशिक्का आहे. ज्याने त्या वेळी वनरक्षकाला कोंबडी देऊन भागवले, तो आज कपाळाला हात लावून बसतो, कारण कोंबडीची पावती मिळत नाही. तेव्हा पाड्यावर ‘तुमच्यावर अन्याय झाला का?’ असे विचारू नये. ‘बाबा, दंड भरला होता का?’ असे विचारावे.

पावती नसेल तर म्हातारा शोधावा. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वृद्धाचा लेखी जबाब नियमात चालतो. शेतातला बांधही चालतो, पण बांध कधी घातला, हे पुन्हा म्हाताऱ्यालाच ठाऊक.

“थोरल्याच्या लग्नाच्या आदल्या साली.”

“लग्न कधी झालं, बाबा?”

“भोंगऱ्यानंतर.”

भोंगऱ्या म्हणजे होळीआधीचा बाजार, तो दर साली भरतो. कोणत्या सालच्या भोंगऱ्यानंतर, हे विचारण्याआधी चहा घ्यावा. दुसऱ्या चहाला चुलीपाशी बसलेली आजी बोलते, आणि मग थोरल्या नातवाच्या शाळेच्या दाखल्यावरून उलटे मोजत साल सापडते. मानवी हक्कांवरच्या कोणत्याही शिबिरात हे शिकवत नाहीत.

पुरावे जमले की दावा ग्रामसभेपुढे जातो. सभेला निम्मे सभासद हवेत, त्यांत एक तृतीयांश बाया. भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात सभा ठेवू नये. मी ठेवली होती. हजर: मी, सतरंजी आणि एक कुत्रे. दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसे गेली की कुत्रेही येत नाही.

दावा फेटाळला तर कारण लेखी मागावे आणि साठ दिवसांत अपील करावे. हे कंटाळवाणे वाटते खरे. पण 13 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला, आणि 28 फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. मधल्या पंधरा दिवसांत ज्याच्याकडे अपिलाची पोच होती, त्याच्याजवळ निदान दाखवायला कागद होता.

मोर्चाची हौसही भागते. नोव्हेंबर 2018 मध्ये लोकसंघर्ष मोर्चा या संघटनेची माणसे वनहक्कासाठी ठाण्याहून चालत आझाद मैदानावर गेली. अशा वेळी घोषणा विसरल्या तरी चालतात, तळव्यांना लावायचे मलम विसरू नये.

आणि येताना जाड प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन या. पावत्या छपरात खोचलेल्या असतात आणि पावसाळ्यात छपरे गळतात.