टाकून ठेवलंय!

काही माणसं आजचं काम उद्यावर ढकलतात. आमचे भाऊ उद्याचं काम आजच उरकतात आणि मग उद्या दिवसभर ते झालं की नाही, हे बघत बसतात.

भाऊंचं दुकान फर्दापूरच्या टी-पॉइंटवर, जिथून लेण्यांकडे बस सुटतात तिथे. घर घाटाच्या वर, अजिंठा गावात. माल म्हणजे दगड. स्फटिक, ॲपोफायलाइट, स्टिल्बाइट, वरून बटाट्यासारखा ओबडधोबड आणि फोडला की आत जांभळे खडे चमकणारा गोळा, झालंच तर फ्रीजवर चिकटवायचा पद्मपाणी. आमच्याकडे या धंद्याची रीत ठरलेली आहे. पाहुणा गाडीतून उतरला की त्याच्या तळहातावर एक छोटा खडा ठेवायचा. "घ्या साहेब, याचे पैसे नाहीत. येताना फक्त दुकानाचा नंबर लक्षात ठेवा." पुढे फेसबुक, इन्स्टाग्राम आलं आणि पाहुणा घरून निघायच्या आतच त्याच्या हातावर खडा ठेवायची सोय झाली. भाऊ त्यात उतरले ते गळ्यापर्यंत.

गिऱ्हाईक समोर घासाघीस करतंय आणि भाऊ कुणाच्या तरी 'प्राइस प्लीज'ला उत्तर देतायत, असे ते दिवस. जेवताना फोन, अंथरुणात फोन. डोळे लाल, बोलणं तिरसट. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतच्या गर्दीत तर सुट्टे पैसे द्यायचेसुद्धा विसरायचे. शेवटी एका रात्री वहिनी म्हणाल्या, "आवो, तुम्ही नका झोपू, त्या फोनला तरी झोपू द्या."

मग संभाजीनगरला शिकणारा भाचा सुट्टीत आला. त्यानं 'मेटा बिझनेस स्वीट' उघडून दाखवलं. पोस्ट एकदाच लिहायची, तारीख-वेळ द्यायची आणि विसरून जायचं. वेळ झाली की ती आपली आपण जाते. नुसत्या इन्स्टाग्रामवर तर 75 दिवस आधीपासून लावून ठेवता येतं. भाऊंच्या कानात तेवढा 75 चा आकडा शिरला आणि तिथून सगळं सुरू झालं.

लेणी सोमवारी बंद असतात. त्यामुळे सोमवार हा भाऊंचा पोस्टवार. सकाळी अंघोळ करून ओट्यावर बसायचं, खिळ्यावरचं कालनिर्णय काढून मांडीवर घ्यायचं, शेजारी दुकानाची लाल रोजकीर्द. जमा-खर्चाच्या रकान्यांवर आता 'वार, वेळ, फोटो, मजकूर' असं लिहिलेलं. पेन कानावर. एक पोस्ट चढली की हिरव्या शाईची टिक. बुद्धपौर्णिमा, पोळा, दसरा, 18 एप्रिलचा जागतिक वारसा दिन, सगळ्यांची बेगमी. लेण्यांना 1983 साली जागतिक वारशाचा मान मिळाला, हे वाक्य दर वर्षी तेच. फक्त 'इतकी वर्षं झाली' हा आकडा बदलतो, आणि तो बदलायचा कधीकधी राहतो.

28 एप्रिलवर त्यांचा विशेष जीव. 1819 साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली, आणि दहा नंबरच्या लेण्यात तो आपलं नाव तारखेसकट खरडून गेला. भाऊ म्हणतात, "त्यानं पण पोस्टच टाकली ना सर! अजून कुणाला डिलीट करता आली नाही."

मेजर गिलचं मात्र त्यांना मनापासून वाईट वाटतं. हा माणूस 1844 पासून वर्षानुवर्षं इथे राहून भित्तिचित्रांच्या नकला काढत बसला, आणि 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यातल्या बहुतेक जळाल्या. "बॅकअप नव्हता," असं म्हणून भाऊ उसासा टाकतात. म्हणून ते स्वतः प्रत्येक मजकूर फोनमध्ये, वहीत आणि भाच्याच्या फोनमध्ये असा तीन ठिकाणी ठेवतात.

आता त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच. गुढीपाडव्याच्या शुभेच्छा? "टाकून ठेवल्यात." शिक्षकदिनाचं? "तुमचा फोटो लावून टाकून ठेवलंय, सर." हे शेवटचं ते जुलैतच सांगतात.

भानगड अशी की आमच्या मराठवाड्यात पाऊस आगाऊ लावून ठेवता येत नाही. एका वर्षी भाऊंनी मे महिन्यातच जुलैची पोस्ट चढवली. जुना फोटो, वाघूर दुथडी, सप्तकुंडाचा धबधबा कोसळतोय, खाली 'आत्ता या क्षणी!' आणि तीन उद्गारचिन्हं. जुलै आला, पाऊस आला नाही. लोक मात्र आले. छत्र्या घेऊन, कोरड्या कातळाकडे बघत.

त्याहून मोठं प्रकरण एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं. शुभेच्छा महिनाभर आधी चढवलेल्या, फोटोत मागे झेंडा, चिन्ह, सगळं साग्रसंगीत. मधल्या काळात साहेबांनी पक्ष बदलला. भल्या सकाळी 7 वाजता शुभेच्छा जुन्या झेंड्यासकट हजर! दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते दुकानात, आणि दोघांनाही चहा भाऊंचाच. तेव्हापासून पुढाऱ्यांचे नुसते हसरे फोटो लागतात. झेंडा आदल्या रात्री, बातम्या बघून.

वाचलेल्या वेळाचं काय होतं, हे बघायचं असेल तर सकाळी 9 ला पाच मिनिटं कमी असताना दुकानात जावं. गिऱ्हाईकानं पाचशेची नोट पुढे केलेली असते, भाऊंचा हात गल्ल्यात आणि डोळे फोनवर. "थांबा साहेब, येतंय." काय येतंय ते गिऱ्हाईकाला कळत नाही, तेही बिचारं बसच्या दिशेनं बघायला लागतं. मग फोन टुण्‌ वाजतो. "आलं!" स्वतः लिहिलेली पोस्ट भाऊ पहिल्यांदाच वाचत असल्यासारखी वाचतात, स्वतःच लाईक करतात आणि मग सुट्टे देतात.

हसायचं तेवढं हसून झालं, पण एक सांगायलाच हवं. रात्री 8 नंतर त्यांचा फोन आता कपाटावर असतो. ते नातीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसतात, तिला खडे मोजायला लावतात. तिरसटपणा गेला. वहिनींचा आवाजही एक पट्टी खाली आलाय. एवढ्यासाठी दोन-चार झेंडे चुकले तर मी तरी चुकू देईन.

पण परवा त्यांनी कमाल केली. सोमवारी बसून सोमवारच्याच तारखेला पोस्ट लावली: 'आजच या, लेणी तुमची वाट पाहताहेत.' भुसावळहून एक कुटुंब गाडी करून आलं. फाटक बंद. भाऊ धावत गेले, हात जोडले, सगळ्यांना घरी आणून पिठलं-भाकरी वाढली, गावातली गिलसाहेबाच्या प्रेयसीची, पारोची कबर दाखवली, गिलसाहेबाची आणि तिची गोष्ट रंगवून सांगितली. निघताना त्या मंडळींनी आपणहून दोन मोठे स्फटिक विकत घेतले. संध्याकाळी भाऊ माझ्याकडे आले ते खुशीत. "सर, सोमवार पण चालतोय की!" आणि वहीत हिरवी टिक.

तेव्हा वाचकहो, अजिंठ्याला जरूर या, पण सोमवारी येऊ नका. भाऊंच्या पानावर काहीही आलेलं असो.