सशुल्क जलसमाधी

सुखाच्या शोधार्थ मनुष्याने कोठवर जावे याची मर्यादा आमच्या पूर्वजांनी काशी-रामेश्वर अशी बांधून दिली होती. ती हल्ली समुद्रसपाटीच्याही खाली गेली आहे. नाताळची सुटी जवळ आली की मांजरीतील सुस्थित कुटुंबे, ज्यांतील बहुतेकांना पोहता येत नाही आणि ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी पाण्यापासून चार हात दूर राहण्याची शिकवण जन्मभर दिली, मालवणकडे प्रस्थान ठेवतात, आणि तेथे पाठीस नळकांडे बांधून, तोंडात नळी धरून, भाडोत्री रबरी वेषात, रोख पैसे मोजून बुडतात. या विधीस स्कूबा म्हणतात.

मांजरीचा आणि पाण्याचा संबंध हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय व्हावा. गावाच्या उशाला मुळा-मुठा वाहते, निदान जलपर्णीखालून ती वाहत असावी असे मानण्यास जागा आहे. उसाची तहान जाणणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट 1975 साली स्थापन झालेली, आणि द्राक्षवेलीला पाणी थेंबाथेंबाने कसे पाजावे याचा हिशेब ठेवणारे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 सालचे. दोन्ही याच शिवारात नांदतात. शेजारच्या गावाचे नाव तर साडेसतरा नळी असे आहे. 2021 च्या जूनअखेरीस तेवीस गावांच्या तुकडीत मांजरी बुद्रुकही पुणे महानगराच्या हद्दीत रुजू झाली. एवढी जलविद्या आणि एवढे नागरी वैभव एका ठिकाणी एकवटले असता आमच्या गृहसंस्थेच्या दारात जे पाणी येते ते चाकांवर येते, आणि टँकर फाटकातून आत वळल्याची वर्दी रखवालदाराने दिली की जिन्याजिन्यांतून जो उत्साह उतरतो तो गणपतीच्या आगमनालाही लाभत नाही.

अशा गावातून आमच्या संस्थेचे सचिव सहकुटुंब देवबागेस गेले. एका अंगास कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगास सागर यांच्या मध्ये सापडलेली ही वाळूची चिंचोळी पट्टी. तीवरील विश्रामस्थानाच्या जाहिरातीत 'निवांत' हा शब्द ठळक छापला होता. सकाळी दोन तास आणि सायंकाळी एक तास अशा मापाने आम्हां सर्वांस पाणी सोडणाऱ्या या गृहस्थांनी खोलीत पाऊल ठेवताच प्रथम न्हाणीघरातील नळ पूर्ण उघडला आणि तो आपण होऊन बंद पडत नाही याची बसून खातरजमा केली. समुद्र त्यांनी त्यानंतर पाहिला.

निवांतपणाविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. सिंधुदुर्ग हा 1997 साली देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि जाहीर झालेली शांतता फार दिवस टिकत नसते. किनाऱ्यावर जलदुचाक्या कोकलत होत्या, केळ्याच्या आकाराच्या होडीवरून किंकाळ्या येत होत्या, आणि माडांखाली उभ्या असलेल्या मोटारींतील निम्म्यांच्या पाट्यांवर बारा हा आकडा होता. एकांताच्या ओढीने सारे पुणे एकाच शुक्रवारी रात्री निघाल्यावर एकांताने बापड्याने जावे तरी कोठे?

पाण्यात उतरण्यापूर्वी एका छापील हमीपत्रावर सही द्यावी लागते. त्यातील मजकुराचा इत्यर्थ असा, की सदर इसम राजीखुशीने बुडत असून, त्याच्या जीविताचे काही बरेवाईट झाल्यास त्याची अगर त्याच्या वारसांची कोणतीही तक्रार कोणत्याही दरबारी चालणार नाही. इमारतीच्या रंगकामाच्या करारातील एका स्वल्पविरामापायी कंत्राटदाराची बिदागी दोन पावसाळे अडवून धरणाऱ्या सचिवांनी या कबुलायतीवर, चष्मा मोटारीत राहिला असताना, हसतमुखाने सही केली.

पाठीवरील नळकांड्यात प्राणवायू असतो अशी सर्वसामान्य समजूत आहे. ती चुकीची असून त्यात मुळात मालवणचीच साधी हवा दाबून भरलेली असते, म्हणजे जी फुकट मिळत होती तीच. ही हवा श्वासाच्या मागणीनुसार सोडणाऱ्या झडपेचा उगमही टंचाईतच आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा मोटारी गॅसवर चालविण्यासाठी एमिल गान्यां या अभियंत्याने जी झडप योजिली होती, तीच 1943 साली झाक कुस्तो या नौदल अधिकाऱ्याच्या साहाय्याने त्याने पाणबुड्याच्या तोंडाशी आणून बसविली. एका टंचाईतून जन्मलेले यंत्र दुसऱ्या टंचाईतून आलेल्या माणसाच्या मुखी लागावे, यात इतिहासाची काही संगती असली पाहिजे.

सचिवांचा हात ज्याने धरला तो तरुण रापणकरांच्या घराण्यातला. किनाऱ्यालगत मासळी पूर्वीसारखी लागेनाशी झाली, पर्ससीनच्या जाळ्यांविरुद्धचे अर्ज-विनंत्यांचे दफ्तर फुगत गेले, आणि पिढ्यान् पिढ्या समुद्रातून मासे बाहेर ओढणारे हात आता पुणेकरांना समुद्रात आत ओढू लागले. "काका, घाबरू नकात, मी आसंय मां," असे तो म्हणाला, आणि त्या शब्दांसरशी, मतभेद नोंदविण्यास अवसर न मिळता, सचिव पाण्याखाली गेले.

खाली गेल्यावर जे घडले ते त्यांच्याच जबानीवरून सांगतो. प्रथम कानांस दडे बसले. नाक दाबून फुंकर मारल्यावर ते सुटले. श्वास रोखून धरायचा नाही, एवढा एकच नियम त्यांना निक्षून सांगितला होता, आणि उपविधींचा आदर करणाऱ्या त्या गृहस्थांनी तो पाळलाही. दुःसह होते ते मौन. पुण्यातील मनुष्याने अन्नावाचून दिवस काढल्याचे दाखले आहेत, परंतु समोर काही चुकीचे घडत असताना ते न सांगता त्याने पाव तास काढल्याचे उदाहरण दफ्तरी नाही. मासे वाटेल त्या बाजूने जात होते. शेजारचा एक पर्यटक प्रवाळावर चक्क उभा होता, आणि हा प्रदेश 1987 सालापासून सागरी अभयारण्य आहे हे त्यास बजावण्याची सोय नव्हती. तोंडातील नळी काढून एक वाक्य बोलावे असा मोह सचिवांस अनावर झाला. तो आवरून, 'माझे उत्तम चालले आहे' एवढे तरी कळवावे म्हणून त्यांनी अंगठा उंचावला. पाणबुड्यांच्या भाषेत उंचावलेल्या अंगठ्याचा अर्थ 'मला वर न्या' असा आहे. रापणकराच्या पोराने त्यांना तत्परतेने वर काढले.

पैसे पूर्ण घेतले गेले, कारण चित्रफीत पूर्ण झाली होती. चित्रफितीत सचिव पावाच्या चुऱ्यावर तुटून पडलेल्या पट्टेरी माशांच्या घोळक्यात दिसतात. हे मासे पावासाठी जमले आहेत, आपल्यासाठी नव्हे, ही शंका त्यांस शिवलेली दिसत नाही; संस्थेच्या सभेस चहा-बिस्किटांपुरती जमणारी गणसंख्याही ते आपल्या लोकप्रियतेच्या खाती जमा धरतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सिंधुदुर्ग पाहिला. 1664 साली शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी केली आणि जो तीन वर्षांत उभा राहिला, त्या दुर्गाच्या पोटात चहूंकडून खारा समुद्र असता गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. आमचे सचिव साखरबावेच्या काठावर बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी वाटाड्यास विचारले, की येथे टँकर कोणत्या दरवाजाने येतो. पुढे निवतीच्या खडकांकडे बोट दाखवून, नौदलाच्या सेवेतून 2024 साली निवृत्त झालेले 'गुलदार' हे जहाज तेथे बुडवून पाण्याखाली संग्रहालय करण्याचा शासनाचा मनसुबा आहे, असे वाटाड्याने सांगितले. सरकारी मालमत्ता आधी आराखडा करून, मंजुरी घेऊन मग बुडविण्याचा असा योग क्वचितच येतो. एरवी हा क्रम उलट असतो.

खोल बुडी मारणाऱ्याने त्यानंतर विमानात बसण्यापूर्वी अठरा तास तरी थांबावे, असा जाणकारांचा दंडक आहे. पुरुषभर पाण्याखालून वर आलेल्या सचिवांनी त्याचा आधार घेऊन, पुणे समुद्रसपाटीहून साडेपाचशे मीटरांवर असल्याने आपणांस घाट चढणे तूर्त धोक्याचे आहे, अशा आशयाचा रजेचा अर्ज कचेरीत धाडला आणि आणखी एक दिवस नळ सोडून घेतला.

परत आल्यावर भरलेल्या मासिक सभेत चित्रफीत दाखविण्यात आली व मिळालेला दाखला फिरविण्यात आला. तळमजल्यावरील निवृत्त अव्वल कारकुनांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला, आणि संस्थेच्या जमिनीखालील टाकीच्या तळाशी तडा गेल्याचा संशय असल्याने, बाहेरचा माणूस न बोलावता सचिवांनीच खाली उतरून पाहणी करावी, अशी सूचना मांडली. सदर दाखला खाऱ्या पाण्यापुरता आहे, असा खुलासा सचिवांनी केला. शिवाय टाकीत मनुष्य बुडेल इतके पाणी आजवर साठलेले नाही, हेही त्यांनी निदर्शनास आणून दिले. बऱ्याच चर्चेअंती, पाहणीच्या दिवशी तीन जादा टँकर मागवावेत असा ठराव बहुमताने, आणि पाहणीची चित्रफीत काढावी ही उपसूचना एकमताने, संमत झाली.