बिघाडाचा सन्मान

बेस गिटारला नेमका फाटका आवाज मिळावा म्हणून पाश्चात्त्य वादक पेडलमागून पेडल विकत घेतात, याची कीव येते. 1961 साली आलेल्या, अमेरिकी गायक मार्टी रॉबिन्सच्या गाण्यात वादक ग्रेडी मार्टिनचा बेस बिघडलेल्या मिक्सरमधून गेला आणि फाटला. 1962 मध्ये मेस्ट्रो या ब्रँडने तोच बिघाड पेडलच्या पेटीत भरून विकायला काढला. आपल्या वरातींनी पेटीचा खर्चही वाचवला. नंदुरबार शहर असो की कळसाडी गाव, डीजेचा अॅम्प्लिफायर झेपेल त्यापलीकडे पिळला की ध्वनिलहरींचे माथे सपाट कापले जातात; पेडल तरी दुसरे काय करते? शिवाय इथे खिडक्यांची तावदाने साथ देतात, तीही बिदागीविना.

कुणी म्हणेल, निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे. पण मर्यादा पाळली तर आवाज फाटणार कसा आणि कला टिकणार कशी? उलट आता सातपुड्यातल्या ढोल-पावरी या वाद्यांनाही पेडल जोडावे; डीजेपुढे त्यांचे सूर ऐकू येत नाहीत, हा दोष त्यांचाच. रसिकांची सोय तर कायमची झाली आहे: वरात गेल्यावरही कित्येकांच्या कानात बारीक शिट्टी चोवीस तास वाजत राहते, विजेशिवाय. तिला वेळेचे बंधन नाही, ध्वनिक्षेपकाला मात्र आहे: 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायला बंदी आहे.