मेजर गणित, मायनर तत्त्वज्ञान

नवी मुंबईत एखाद्या मुलीचं गणित चांगलं आहे म्हटलं, की लोक थेट जेईईच्या क्लासची फी विचारतात. आमच्या कन्येने नुसतं गणित घेतलं, इथवर सोसायटीने कसंबसं सांभाळून घेतलं. पण २०२० च्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनरची सोय केली आणि तिने मायनरला तत्त्वज्ञान घेतलं. लिफ्टमध्ये शेजारचे काका हळूच म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

होतं. मग तर्कशास्त्र सुरू झालं.

"नऊच्या आत आली नाहीस तर जेवण मिळणार नाही," अशी तिच्या आईने तंबी दिली होती. कन्या पावणेनऊला आली, पानावर बसली आणि म्हणाली, "आई, वेळेत आलं तर जेवण मिळेलच, असं तुझ्या विधानातून निघत नाही." आईने क्षणभर विचार केला, "बरोबर आहे" म्हणाली आणि ताट उचललं.

तिला वर्गात प्रश्न पडतात ते संख्या खऱ्या असतात का, असले. वाशीकराला यात नवल नाही. आमच्याकडे सेक्टर ३० शिवाय ३०-ए नावाचीही एक संख्या आहे आणि स्टेशनात जायचं तर तिच्यातूनच जावं लागतं.

"एवढं शिकून एक अधिक एक दोनच ना?" आजोबांनी विचारलं. तेही सोपं नाही म्हणे. रसेल आणि व्हाइटहेड यांच्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका'चा पहिला खंड १९१० साली आला. त्यात ३७९ व्या पानावर एवढंच आश्वासन आहे, की बेरजेची व्याख्या झाली की एक अधिक एक दोन होतील. व्याख्या १९१२ च्या दुसऱ्या खंडात. म्हणजे बुकिंग आत्ता, ताबा नंतर. पनवेलच्या पुढे फ्लॅट घेतलेल्यांना समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की रसेलसाहेबांनी ताबा दिला.

"याला स्कोप काय?" हा प्रश्न मात्र कुठल्याच खंडात सुटत नाही. तो विचारणाऱ्या बहुतेकांच्या दिवाणखान्यात टिळकांची तसबीर असते. टिळक १८७७ साली डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले. पुढे १९१०-११ च्या हिवाळ्यात, तिकडे रसेलचा पहिला खंड नुकता बाहेर पडत असताना, मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहीत बसले होते. मेजर गणित, मायनर तत्त्वज्ञान. हे ऐकल्यापासून आजोबा नातीच्या पक्षात आहेत. काका अजून लिफ्टमध्येच अडकलेत.

पुढे एम.ए. करायचं की एम.एस्सी., हे तिचं ठरलेलं नाही. मीही घाई करत नाही. कलिन्याला विद्यापीठात गणित रानडे भवनात आहे आणि तत्त्वज्ञान ज्ञानेश्वर भवनात, आवार एकच. हार्बरने कुर्ल्याला उतरायचं, पास तोच चालतो.