प्राइस हाय, वस्तू एक्स्पेन्सिव्ह

निवृत्त इंग्रजीचे सर प्रत्येक सोसायटीत असतात. तुमच्याकडेही असतील. आमचे तळमजल्यावर राहतात आणि पैशांपेक्षा पैशांच्या इंग्रजीची काळजी वाहतात. "प्राइस एक्स्पेन्सिव्ह नसते हो! वस्तू एक्स्पेन्सिव्ह असते. प्राइस हाय असते," हे ज्यानं ऐकलेलं नाही तो आमच्या गल्लीत काल जन्मलेला समजावा.

2025च्या मे महिन्यात बेस्टनं किमान भाडं 5 रुपयांवरून 10 केलं, तेव्हा अख्खा बसस्टॉप कावला होता. सर कावले ते कुणीतरी 'बसची फी' म्हणालं म्हणून. "डॉक्टरला फी, बसला फेअर, सी लिंकवर टोल आणि विनातिकीट सापडलात तर फाइन!" तेवढ्यात बस निघून गेली.

लिफ्टच्या सभेत तर कहर झाला. सेक्रेटरी म्हणाले, "नव्या लिफ्टची कॉस्ट फार कॉस्टली आहे." झालं! सर उठले. कॉस्ट हाय असते, ती इन्कर करतात, बेअर करतात, कट करतात. क्रियापद म्हणून वापरलं तर भूतकाळातही कॉस्टचं कॉस्टच, खर्चाचा अंदाज काढला असेल तरच कॉस्टेड... लोक एकेक करून जेवायला गेले. ठराव राहिला, कोटेशनची मुदत संपली. नवं आलं ते चाळीस हजारांनी चढं, सोबत इंग्रजीत दिलगिरीचं पत्र. सरांनी ते नोटीस बोर्डासमोर उभं राहून दोनदा वाचलं. "बघा, कॉस्ट्स हॅव रिझन! रेझ्ड नाही लिहिलं. कंपनी चांगली आहे."

भाजीवाल्या मावशींनी त्यांना बरोबर ओळखलंय. "सर, टोमॅटोची प्राइस लई हाय," एवढं म्हटलं की सर घासाघीस न करता किलोभर घेतात. वर सुट्टे पैसेही सोडतात.

संध्याकाळी मात्र त्यांच्या दारात चपलांचा ढीग असतो. वॉचमनची मुलगी, इस्त्रीवाल्याचे दोघे, मावशींचा नातू. आतून तेच, प्राइस हाय, थिंग एक्स्पेन्सिव्ह, एका सुरात. एकदा मी चाचरत विचारलं, "सर, फी किती घेता?"

"फी चार्ज करतात, पे करतात, नाहीतर वेव्ह करतात," सर म्हणाले. "मी तिसरं क्रियापद वापरतो."

यंदा दहावीला वॉचमनच्या मुलीला इंग्रजीत 91 मिळाले. महिना तीन हजारांच्या क्लासला जाणाऱ्या आमच्या चिरंजीवांना 74.