गालापागोसला निघताना

वसईकडच्या चांदीपमधल्या एका काकांच्या ओटीवर सध्या गालापागोसचा बेत शिजतोय. बेटं इक्वेडोरपासून सुमारे 1000 किलोमीटर आत समुद्रात. प्रवेशशुल्कच माणशी 200 डॉलर. प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचं, बिया-फळांसाठी बॅगा तपासून घ्यायच्या. काकांना सगळे नियम तोंडपाठ!

तुंगारेश्वर मात्र उशाशीच. सुमारे 85 चौरस किलोमीटरचं हे जंगल 2003 मध्ये अभयारण्य झालं, तरी काकांच्या लेखी ते श्रावणी सोमवारपुरतंच. 2024 मध्ये वसई किल्ल्यात बिबट्या शिरला. त्याला पिंजऱ्यात घ्यायला तीन आठवड्यांहून जास्त लागले. काकांनी त्याचा व्हिडिओ त्याच रात्री अकरा ग्रुपांवर धाडला.

तुंगारेश्वरी जाताना माकडांसाठी डझनभर केळी ठरलेली. गेल्या खेपेस दोन मीटरचं अंतर माकडानेच मिटवलं आणि केळ्यांबरोबर काकांचा चष्माही नेला.