मंडळाची खाती आणि मोफतची साधने

सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाच्या सोशल मीडिया खात्यांचे व्यवस्थापन शिरगणतीपासून सुरू होते, कारण मंडळाची एकूण खाती किती हे मंडळातल्या कोणालाच ठाऊक नसते. तीस-पस्तीस वर्षे जुन्या मंडळाकडे साधारणपणे एक चालते फेसबुक पेज, दोन बंद पडलेली पेजे, 'ऑफिशियल' नावाचे इन्स्टाग्राम खाते, मंडळात फूट पडली त्या वर्षी दुसऱ्या गटाने उघडलेले 'ओरिजिनल ऑफिशियल', एकाच मिरवणुकीचा थरथरता व्हिडिओ असलेले यूट्यूब चॅनेल आणि तीन व्हॉट्सॲप ग्रुप सापडतात. ग्रुपांपैकी पहिला कार्यकारिणीचा, दुसरा कार्यकर्त्यांचा आणि तिसरा अध्यक्ष वगळून कार्यकारिणीचा. निर्णय तिसऱ्यात होतात, जाहीर पहिल्यात होतात आणि निस्तरायचे दुसऱ्यातल्यांनी.

शिरगणतीला गूगल शीट्स पुरते. खात्याचे नाव, लिंक, ते कोणत्या ई-मेलवर उघडले, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो, खाते कोणी उघडले आणि तो सध्या कुठे असतो, एवढे रकाने करावेत. शेवटचा रकाना रुंद ठेवावा. त्यात 'बंगळूरला नोकरी', 'लग्नानंतर वाकडला', 'समोरच्या मंडळात' अशा नोंदी येतात. पासवर्डचा रकाना मात्र मुळीच करू नये. ही शीट पाहण्याची परवानगी 'लिंक असलेल्या सर्वांना' दिलेली असते आणि लिंक दुसऱ्या ग्रुपवर पिन करून ठेवलेली असते.

जुन्या खात्यांपैकी एखादे तरी पेज नसून प्रोफाइल निघते. म्हणजे एके काळी कोणीतरी मंडळाला माणूस समजून फेसबुकात भरती केलेले असते: नाव 'जय बजरंग', आडनाव 'मित्रमंडळ'. जन्मतारखेच्या जागी स्थापनादिन टाकलेला असतो, त्यामुळे किमान 13 वर्षांची अट मंडळ सहज पार करते आणि दरवर्षी वाढदिवसाच्या शुभेच्छाही मिळवते. पण प्रोफाइलला 5000 मित्रांची मर्यादा आहे आणि ते एकाच पासवर्डवर चालते. पेजला फॉलोअरची तशी मर्यादा नाही. शिवाय त्यावर अनेकांना आपापल्या खात्यातून काम करता येते, काहींना पूर्ण अधिकाराने, काहींना मर्यादित. पूर्ण अधिकार दोघातिघांकडेच असावेत हे उत्तम. परंतु 'मर्यादित' हा शब्द आपल्या नावापुढे लागलेला कोणत्याही पदाधिकाऱ्याला खपत नाही. म्हणून अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, उत्सवप्रमुख, प्रमुख सल्लागार आणि आधारस्तंभ या सर्वांकडे पूर्ण अधिकार जातात, आणि रोज पोस्ट टाकणारा बारावीतला मुलगा मर्यादित राहतो.

मंडळाचा पासवर्ड परंपरेने बाप्पाच्या एका नावापुढे स्थापनावर्ष जोडून तयार होतो. हे वर्ष मांडवाच्या कमानीवर दोन फुटी अक्षरांत लिहिलेले असते आणि रात्री त्यावर लायटिंगही सोडलेले असते. याला मोफत पर्याय बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरचा. त्यात हवे तेवढे लांब, अर्थहीन पासवर्ड साठतात. मोफत योजनेत मात्र ते सामायिक तिजोरीतून दोघांनाच वापरता येतात. हे दोघे कोण, या प्रश्नावर किमान एक बैठक खर्ची पडेल असे धरून चालावे. खजिनदाराचा युक्तिवाद असतो की तिजोरी म्हटली की ती त्याची. दुसरी पायरी टू-स्टेप पडताळणीची. ती एसएमएसवर न ठेवता ऑथेंटिकेटर ॲपवर ठेवावी. एसएमएसवर ठेवल्यास प्रत्येक लॉगिनच्या वेळी बंगळूरच्या माजी चिटणीसाला फोन करावा लागतो, आणि ओटीपी सांगण्याआधी तो यंदाचा देखावा कोणता, वर्गणी किती जमली आणि आपल्याला कार्यकारिणीतून का काढले हे विचारतो. दरम्यान ओटीपीची मुदत संपते.

'मोफत' या शब्दाचा अर्थ इथेच पाहून घ्यावा. पहिल्या वर्षी मांडववाला ओळखीखातर कमान फुकट लावतो, तिसऱ्या वर्षी तिचे स्वतंत्र बिल येते. सोशल मीडियाची साधने याच रीतीने वागत आली आहेत. 2008 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला सुरू झालेल्या हूटसूटने अनेक खाती एका पडद्यावर आणली आणि वर्षानुवर्षे मोफत योजना चालवली. 2023 मध्ये ती बंद केली. ट्विटरवर काम करणाऱ्यांचे लाडके ट्वीटडेकही त्याच वर्षी नाव बदलून पैसेवाल्यांचे झाले. इफ्ट नावाचे साधन एका खात्यावरची पोस्ट आपोआप दुसरीकडे नेऊन टाकत असे. 2020 मध्ये त्याच्या मोफत वापरकर्त्यांना अशा तीनच जोडण्यांवर आणले गेले. म्हणून मंडळाने साधन निवडताना त्याच्या प्रेमात पडू नये आणि मूळ फोटो व मजकूर नेहमी स्वतःकडे ठेवावा.

आज हाताशी असलेल्या साधनांपैकी फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी मेटा बिझनेस सूट पुरेसे आहे: दोन्हीकडच्या पोस्ट आधी तयार करून वेळ लावता येते, दोन्हीकडचे मेसेज एका ठिकाणी दिसतात. यूट्यूबचे वेळापत्रक यूट्यूब स्टुडिओतच लागते. तिन्ही एकत्र हवे असतील तर बफरच्या मोफत योजनेत तीन खाती आणि प्रत्येक खात्याच्या रांगेत दहा पोस्ट बसतात. मंडळाच्या हिशेबात दहा म्हणजे रोज एक आरती, असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे, कारण दहापैकी सात जागा वाढदिवसांनी आधीच अडवलेल्या असतात.

वाढदिवस हा मंडळाच्या खात्याचा खरा विषय असल्याने वार्षिक नियोजन त्यांच्यापासून करतात. नगरसेवक, माजी नगरसेवक, भावी नगरसेवक, आणि मग देणगीदार. देवाचे दिवस त्यानंतर भरावेत, आणि त्यातच अडचण आहे. गूगल कॅलेंडरमध्ये 14 एप्रिल, 1 मे, 15 ऑगस्ट ही नोंद 'दरवर्षी' अशी खूण करून एकदा टाकली की जन्माची सोय होते. गणेश चतुर्थीचे तसे नाही. ती 2023 मध्ये 19 सप्टेंबरला होती, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला, 2025 मध्ये 27 ऑगस्टला, आणि 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे 14 सप्टेंबरला. 'दरवर्षी' ही खूण इथे ठेवणारे मंडळ मूर्ती कारखान्यातच असताना आगमनाच्या शुभेच्छा देऊन मोकळे होते. शिवजयंती तर 19 फेब्रुवारीलाही येते आणि फाल्गुन वद्य तृतीयेलाही; पोस्ट दोन्हींची लावावी, कारण एकच लावणाऱ्याला ती का लावली याचे उत्तर कमेंटमध्ये द्यावे लागते. संकष्टीच्या पोस्टवर चंद्रोदयाची वेळ आपल्या गावची घालावी. नागपूरच्या मंडळाने मुंबईची वेळ उचलून टाकली तर भाविक वीस-पंचवीस मिनिटे विनाकारण उपाशी राहतात. या सर्व तारखा वर्षारंभी भिंतीवरच्या कॅलेंडरातून शीटमध्ये हाताने उतरवून घेणे हा एकमेव खात्रीचा मार्ग आहे, आणि तो मोफत आहे.

पोस्टचे डिझाइन कॅनव्हावर होते. इथे नवख्यांची पहिली ठेच फॉन्टची असते. मंडळाचा सगळा जुना मजकूर, म्हणजे अहवाल, निमंत्रणे, फ्लेक्स, ज्या डीटीपीवाल्याने वर्षानुवर्षे केला त्याने तो श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट असलेल्या संगणकावर ते सुरेख दिसतात, बाहेर काढून फेसबुकवर चिकटवले की कंस, डॉलर आणि टोपीवाले ए यांची मिरवणूक निघते. मोफत कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि मग तो पुन्हा एकदा वाचावा, कारण रफार आणि जोडाक्षरे या प्रवासात हमखास निखळतात. 'कार्याध्यक्ष' हा शब्द तर सही-सलामत पोचलेला क्वचितच दिसतो. पुढच्या डिझाइनसाठी मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बलू हे खुल्या परवान्याचे फॉन्ट आहेत. मराठीसाठी एवढी चांगली गोष्ट फुकट मिळत असताना मंडळे पोस्टसाठी अजूनही फ्लेक्सचा तिरका फोटो काढून टाकतात, ही या क्षेत्रातली एकमेव खरी खेदाची बाब.

दुसरी ठेच डोक्यांची. पार्श्वभूमी काढून माणसाचे डोके सुटे करण्याची सोय कॅनव्हाच्या पैसे भरलेल्या योजनेतच आहे, आणि सुट्या डोक्यांवाचून मंडळाची पोस्ट होत नाही. फुकट डोके कापून देणाऱ्या संकेतस्थळांवरून उतरवलेली प्रतिमा सहसा लहान येते. मोठी केली की धूसर होते. ज्याचे डोके धूसर आले तो हा घातपात मानतो. म्हणून पोस्टचा आराखडा करताना शीटमध्ये 'कोणाचा फोटो', 'केवढा' आणि 'कोणाच्या डावीकडे' हे रकाने आधी भरून त्यावर संबंधितांची संमती घ्यावी. आधारस्तंभ वर उजवीकडे, मार्गदर्शक वर डावीकडे, अध्यक्ष मध्ये, शुभेच्छुक तळाशी पोस्टाच्या तिकिटांएवढे. बाप्पा उरलेल्या जागेत. इन्स्टाग्रामवर आणखी एक काळजी घ्यावी लागते. 2025 पासून तिथल्या प्रोफाइलवरच्या चौकटी उभ्या झाल्या आहेत, त्यामुळे आडव्या ग्रुप फोटोच्या दोन्ही कडा छाटल्या जातात. कडेला उभी असतात ती मांडवाचे बांबू वाहणारी पोरे. पहिला फोटो उभा आणि एकट्या अध्यक्षांचा ठेवून बाकीचे मागे सरकवले की तक्रार येत नाही. एका पोस्टमध्ये 20 पर्यंत फोटो बसतात, म्हणजे पोरांनाही अठराव्या-एकोणिसाव्या क्रमांकावर जागा मिळते.

वेळ लावून ठेवलेल्या पोस्टचा धोका विसर्जनाच्या दिवशी कळतो. 'मिरवणूक शांततेत व शिस्तबद्ध पार पडली, पोलीस प्रशासनाचे आभार' ही पोस्ट रात्री बाराची लावलेली असते, आणि पुण्यासारख्या शहरात मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. अशा वेळी आभार मानले जात असताना मंडळ अजून चौकात अडकलेले असते आणि पोलीस प्रशासन त्याला पुढे ढकलत असते. विसर्जनाची पोस्ट वेळ न लावता मसुद्यात ठेवावी आणि घाटावरून प्रसिद्ध करावी. परिसरात एखादी दुःखद घटना घडल्यास रांगेतली पुढची पोस्ट आधी थांबवावी, मग शोक व्यक्त करावा. हा क्रम उलटला तर श्रद्धांजलीनंतर चार मिनिटांनी 'भाऊंना वाढदिवसाच्या झणझणीत शुभेच्छा' जातात.

आरतीचे थेट प्रक्षेपण करायचे असल्यास त्याची तयारी आदल्या दिवशी होते, ऐनवेळी नाही. यूट्यूबवर लाइव्हची सोय पहिल्यांदा सुरू करताना 24 तासांपर्यंत थांबावे लागू शकते, आणि मोबाइलवरून लाइव्ह जायला किमान 50 सदस्य लागतात. कार्यकारिणी एकतीस जणांची असली तरी ती चॅनेलची सदस्य असतेच असे नाही. घरच्यांची मोजदाद करावी. लाइव्ह चालू असताना मांडवातल्या स्पीकरवर सिनेमाचे गाणे लागले की हक्कदार कंपनीचा दावा येतो किंवा आवाज कापला जातो. आरती, घंटा, ढोल-ताशा यांना धोका नाही. टाळ्यांचा ताल चुकलेला असला तरी यूट्यूब त्यावर हरकत घेत नाही.

व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप दुकानदारांसाठी काढलेले असले तरी मंडळाच्या कामाला इतके चपखल बसते की बनवणाऱ्यांनी कधी वर्गणी मागितली असावी अशी शंका येते. संपर्कांना लेबले लावता येतात आणि त्यांत 'नवीन ग्राहक', 'पैसे बाकी', 'पैसे मिळाले' या अर्थाची लेबले तयारच असतात. 'पैसे बाकी' खाली गेल्या वर्षीचे लोकही ठेवावेत. ठरीव उत्तरांची सोय वापरून 'पावती पाठवतो', 'देखावा सात वाजता खुला होईल' आणि 'आवाज कमी करायला सांगितला आहे' ही तीन उत्तरे साठवली की उत्सवातला नव्वद टक्के पत्रव्यवहार संपतो. ब्रॉडकास्ट यादीत 256 जण मावतात, पण मेसेज पोचतो तो ज्यांनी मंडळाचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच. बहुतेक देणगीदारांनी तो 'उचलू नये' या नावाने सेव्ह केलेला असतो. तांत्रिकदृष्ट्या तेवढे पुरते. ग्रुपमध्ये 1024 सदस्यांना जागा आहे. 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील' ही खूण पहिल्या ग्रुपला लावावी. दुसऱ्याला लावल्यास मांडव उभा राहत नाही.

फोटो आणि व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर ठेवतात. 15 जीबीची मोफत जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून असते, आणि 1 जून 2021 पासून नवे फोटोही त्यात मोजले जातात, त्यामुळे ड्रोनवाल्याने दिलेले आगमनाचे मूळ चित्रण एकट्याने ती भरून टाकते. वर्षवार फोल्डर करून प्रत्येकात निवडक फोटो ठेवावेत. कोणते निवडक, हे बारावीतल्या मुलाने एकट्याने रात्री ठरवावे.

उत्सवानंतरच्या सर्वसाधारण सभेत हिशेब मंजूर झाला की खात्यांचे हस्तांतर होते. दोन वर्षे न वापरलेले गूगल खाते बंद करून त्यातला मजकूर पुसण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला आहे, म्हणून ज्या जुन्या मेलवर चॅनेल उघडले त्यात या दिवशी एकदा लॉगिन करावे. पेजवर नव्या अध्यक्षांना पूर्ण अधिकार मिळाल्याची खात्री करून मगच जुन्यांचे नाव काढावे. पासवर्ड बदलावेत. शीटची एक प्रत छापून मंडळाच्या कपाटात ठेवावी. शेवटी तिसरा ग्रुप उघडून त्यातून नवे अध्यक्ष वजा करावेत आणि माजी अध्यक्षांना आत घ्यावे.